शिवी पोचती केली

आमच्या रेडिओवरून शिवी जात नाही. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण ती न जाऊ देणारी मीच आहे.

गोंदियाच्या कडेला, धानाच्या बांध्यांना, म्हणजे खाचरांना, लागून आमचं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. दोन खोल्या, एक मनोरा आणि छपरावर मुक्काम ठोकून बसलेली कबुतरं. मी रोज कुडव्याहून स्कूटीवर येते, कानाला हेडफोन लावते आणि संध्याकाळपर्यंत लोकांचं बोलणं ऐकते. गाणं वाजण्याआधी ते मी ऐकायचं, मुलाखत जाण्याआधी ती मी ऐकायची. दुपारच्या फोनच्या कार्यक्रमात लोक थेट बोलतात, तेव्हा मिक्सरवरच्या फेडरवर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या पट्टीवर, बोट ठेवून बसायचं. मोठ्या शहरांतल्या रेडिओत म्हणे असं यंत्र असतं, की माणूस आता बोलला तर ते थोड्या वेळानं हवेत जातं आणि तेवढ्यात वाईटसाईट कापून टाकता येतं. आमच्याकडे ते यंत्र नाही. माझं बोट आहे.

लोक विचारतात, शिवी बाहेर पडायच्या आधी तुला कळते कशी? कळते. शिवी देणारा माणूस आधी श्वास घेतो. साधं बोलताना घेतो तसा नाही, जरा पोटातून. आणि त्याच्या आधीचा शब्द किंचित लांबवतो. मोटारपंपाची लाईन गेल्याची तक्रार सांगणारा शेतकरी "तो जो लाईनमन हाय नाऽऽ" असं म्हणाला, की त्या 'ना'च्या शेपटीवरच माझं बोट खाली येतं. मग मी गोड आवाजात सांगते, "श्रोतेहो, आपला संपर्क तुटला आहे," आणि एखादं भजन लावते. लाईनमनच्या मातोश्री सुखरूप राहतात.

हे शिक्षण मला आईकडून मिळालं. लहानपणी आई बिड्या वळायला शेजारच्या ओसरीवर जायची आणि मलाही सोबत न्यायची. मांडीवर सूप घेऊन बसलेल्या त्या बाया जगातल्या झाडून सगळ्या पुरुषांचा समाचार घ्यायच्या, आणि तो काही साजूक भाषेत नसायचा. आई तेंदूपत्ता कातरत असली तरी तिचं लक्ष असायचं. शिवी यायच्या आधी तिचे दोन्ही तळहात माझ्या कानांवर येत. त्यांना तंबाखूचा वास असायचा. मी बायांचे नुसते हलणारे ओठ बघायचे आणि मग हात निघाले की उरलेला हशा ऐकायचे. त्यामुळे झालं असं, की शिवी कधी येणार हे मला बरोबर कळतं, पण माझ्या स्वतःच्या तोंडून जन्मात एकही शिवी गेलेली नव्हती. स्कूटीला आडव्या येणाऱ्या ऑटोवाल्यालाही मी "अहो काका!" असंच ओरडते. फार अपमानास्पद आवाजात ओरडते, पण "अहो काका!"

सुरुवातीला आम्ही शिवीच्या जागी "पीं" असा आवाज लावून पाहिला. तो मला कधीच पटला नाही. धानावरच्या तुडतुड्यांविषयी बोलायला आलेल्या एका आजोबांनी त्या किड्यांना इतक्या मनापासून शिव्या दिल्या होत्या, की कार्यक्रमभर नुसती पींपीं चालली. थोड्याच दिवसांत जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. पोरं मैदानावर एकमेकांना "तू पीं, तुझा काका पीं" म्हणायला लागली होती. "मॅडम, आता या गालीले शिक्षा कोनती देऊ?" त्यांनी विचारलं. पीं त्याच दिवशी बंद झाली.

तेव्हापासून "संपर्क तुटला आहे" एवढंच आमचं शस्त्र. तेही आता सगळ्यांना पाठ झालंय. गोंदियाच्या बाजारात दोघं हातघाईवर आले की तिसरा मध्ये पडून म्हणतो, "अरे भाई, संपर्क मत तोडो!" मला याचा अभिमान वाटतो, लपवायचं काय त्यात.

गाण्यांची तऱ्हा वेगळी. हिंदी मला कळतं, छत्तीसगढी निम्मं कळतं आणि उरलेलं निम्मं नेमकं घातक असतं. एकदा कोणीतरी एक छत्तीसगढी गाणं पाठवलं. चाल इतकी गोड, की मी दिवसभर गुणगुणत होते. वाजवण्याआधी खात्री करावी म्हणून रायपूरकडचं माहेर असलेल्या एका श्रोत्या बाईंना फोनवरून ऐकवलं आणि अर्थ विचारला. त्या हसायला लागल्या त्या थांबेचनात. मी म्हटलं, "बरं, नाही लावत." नंतर गुणगुणणंही सोडलं.

तर एका थंडीत माझ्यासमोर ती आजी येऊन बसली.

ती जवळच्याच खेड्यातली. धानाची शेती, गावतलावाच्या पाण्यावर पोसलेलं घर. गावातल्या बायांचा गट घेऊन ती लग्नाची गाणी रेकॉर्ड करायला आली होती. वय विचारलं तर म्हणाली, "तुझ्या या खांबाहून मोठी हाय मी." खांब म्हणजे आमचा मनोरा.

हळदीची गाणी झाली, मांडवाची झाली. मग आजीनं पदर खोचला, बाकीच्या बायांकडे बघून एक डोळा बारीक केला आणि पंगतीची गाणी सुरू झाली. आमच्या भागात नवऱ्या मुलाचा बाप, म्हणजे व्याही, मांडवात जेवायला बसला की मुलीकडच्या बाया त्याला गाण्यातून शिव्या घालतात. पाहुणा जितका मानाचा, तितक्या शिव्या भरगच्च. तो मान खाली घालून हसत हसत जेवतो आणि हात धुतल्यावर एक तरी शिवी मुलीच्या आजीला उलटून परत करतो. ती दिली-घेतली की दोन घरं एक झाली. हा रिवाज मला ऐकून माहीत होता. ऐकून म्हणजे, आईच्या तळहातांच्या आडून.

आजीनं धरलं,

"आला आला इवाई, मोठ्या तोऱ्यानं आला वो,
पाटावर बसला तं पाटच मोडून गेला वो."

इवाई म्हणजे व्याही. इथवर ठीक होतं. पुढच्या ओळीत त्याच्या पोटाची तुलना अशा एका गोष्टीशी होती, की मी हेडफोन कानावरून बोटभर वर उचलला. त्याच्या पुढच्या ओळीला तर मला आईची फार आठवण आली. आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी एक शब्द होता, ठसठशीत, ढोलकीच्या थापेबरोबर पडणारा. तो आला की सगळ्या बाया खिदळत एकमेकींच्या अंगावर पडायच्या.

आजीचा आवाज पितळी परातीवर पळी आपटावी तसा खणखणीत होता. ते रेकॉर्डिंग टाकून देणं शक्यच नव्हतं. मी दुपारभर बसून ओळीओळीतून शब्द उपटले आणि त्यांच्या जागी ढोलकीचे तुकडे बसवले. शिलाई दिसू दिली नाही. आमच्या केंद्राचे प्रमुख, ज्यांना आम्ही सर म्हणतो, ते अतिशय सज्जन आणि तितकेच भित्रे गृहस्थ आहेत. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "व्वा! लेकरांसोबत बसून ऐकता येईल." मला वाटलं, जिंकलं.

आजीच्या नातीची सोयरिक नुकतीच आमगावला जमली होती. म्हणून गाणी लावताना मी हौसेनं सांगितलं, की ही गाणी खास आमगावच्या व्याह्यांसाठी. दुसऱ्या दिवशी फोनच्या कार्यक्रमात खर्जातला एक भारदस्त आवाज आला.

"मॅडम, मी तोच इवाई बोलून राहिलो."

"नमस्कार भाऊ! आवडली का गाणी?"

"बुढीचा आवाज चांगला हाय. पन एक विचारू का? आमचं काई चुकलं का?"

"का हो?"

"एक गाली नाई! एक बी नाई! साऱ्या आमगावनं आयकलं. लोक मले विचारून राहिले, का गा, सोयरे नाराज हायेत का? आपल्या मानसाले कोनी असं कोरडं वाढते का?"

त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर माझ्या बोटाला कळला असता. माणूस मनातून खट्टू झाला होता. मी त्यांना नियम समजावला, लायसन्सचं सांगितलं, लहान मुलांचं सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"नियम तुमचा असल बापा," ते म्हणाले. "पन ज्या घरात पोरगी येनार, त्या घराले बुढीनं आपलं मानलं का नाई, ते मले कसं समजल?"

आणि त्यांनी फोन ठेवला. शिवी न देता माझा संपर्क तोडणारा तो पहिलाच श्रोता.

आजीनंही ते ऐकलं होतं. दुसऱ्या सकाळी ती माझ्या टेबलासमोर हजर.

"तूनं कापल्या?"

"हो."

"साऱ्या?"

"साऱ्या."

"कावून वो? माह्या गाल्यायनं तुझं काय खाल्लं होतं?"

मी माफी मागितली नाही. आजही मागणार नाही. अंगणवाडीत आमचा रेडिओ लागतो, दुकानात लागतो, घराघरांत भाकरी थापताना लागतो. आणि बाजारातली शिवी बहुतेक वेळा कोणाच्या तरी आईवरून नाहीतर बहिणीवरून जाते. भांडण दोन पुरुषांचं आणि ओरबाडली जाते घरात बसलेली बाई. हे मी माझ्या केंद्रावरून जाऊ देणार नाही, मग कोणीही रुसो. पण आजीच्या गाण्यात कोणाची आई-बहीण नव्हती, हेही खरंच. होता तो व्याही, त्याचं पोट, त्याच्या मिशा आणि कडव्याच्या शेवटचा तो शब्द. तो मी इथंही लिहिणार नाही. सवय आहे.

"ठीक हाय," आजी उठत म्हणाली. "मी मांडवात घालीन. समोर बसवून, पोट भरस्तोवर घालीन. तिथं तुझी कैची नाई पोचत." आणि तिनं माझ्यादेखत माझ्याच फोनवरून आमगावला तसं कळवून टाकलं. पलीकडून हसण्याचा गडगडाट ऐकू आला. मी चहा मागवला. भांडण तिथं मिटलं.

मिटलं असं वाटलं. लग्न तोंडावर आलं आणि आजी नहाणीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, ती घरी आली, पण डॉक्टरांनी बजावलं की खाटेवरून उठायचं नाही, गाडीत बसायचं नाही. लग्न गोंदियाच्या लॉनवर ठरलेलं होतं. ते काही खाटेजवळ आणता येणार नव्हतं.

मी भेटायला गेले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. एवढी बोलकी बाई, पण माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. तिची सून, म्हणजे नवरीची आई, चहाचा कप माझ्या हातात देत हळूच म्हणाली, "हाडासाठी नाई रडून राहिल्या. इवायासाठी रडून राहिल्या."

"ही शेवटची नात," आजी भिंतीकडे बघतच बोलली. "याच्यानंतर या घरात माह्या जिवात जीव असेतो लगन नाई. त्या मानसानं तोंड उघडून मांगतलं माह्याजवर. मी हो म्हनलं. आता पोरगी त्याच्या घरी जाईल आन् तो म्हनल, बुढीनं सबद देल्ला आन् खाटेवर जाऊन झोपली."

मला भरून आलं. मी म्हटलं, "आजी, मोबाईल आहे ना. मांडवात फोन लावून देऊ."

"फोन एकाच्या कानात जाते. मले साऱ्या मांडवात पायजे, आन् आमगावात बी. जिथं कोरडं आयकू गेलं, तिथंच ओलं आयकू गेलं पायजे." आता ती वळली. डोळे लाल होते, पण त्यात चमक आली होती. "तुझ्या रेडिओवरून गातो मी. खाटेवरून. मांडवात रेडिओ लावू दे त्यायले."

सरांना सांगितलं तर त्यांनी खुर्चीचा दांडा धरला. "थेट? शिव्या? थेट?" मी म्हटलं, शिवी जाणार नाही, ते माझ्यावर सोडा. मग मी आजीच्या खाटेशी बसून एकेक ओळ ठरवायला घेतली. बाजारात भाजीवाल्याशीही मी एवढी घासाघीस केलेली नाही. पाट मोडणं मान्य. मिशा मान्य. पोटाच्या त्या तुलनेच्या जागी बऱ्याच रदबदलीनंतर राईस मिलची कोठी आली. आजीला ती आवडलीही, पण तिनं तसं दाखवलं नाही. गाडी अडली ती कडव्याच्या शेवटच्या शब्दावर.

"तो नाही जाणार आजी."

"मंग वरनात मीठ बी नोको घालू."

"तो शब्द तुमच्या तोंडून निघाला तर मला लाईन तोडावी लागेल. भर मांडवात. चालेल?"

आजीनं छताकडे पाहिलं. मग अचानक तिचा चेहरा निवळला. "ठीक हाय. तो सबद माह्या तोंडातून नाई निंघनार. नातीची आन."

एवढ्या चटकन ऐकलं तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

लग्नाच्या दिवशी पंगत बसायची वेळ साधून मी फोनचा कार्यक्रम सुरू केला. आजी घरी खाटेवर, उशाशी रेडिओ, हातात मोबाईल, सोबतीला शेजारीण. लॉनवर मांडववाल्याच्या मोठ्या भोंग्यांना रेडिओ जोडलेला. तिकडे आवाज नीट पोचतोय का हे कळावं म्हणून नवरीच्या आईनं माझ्या मोबाईलवर फोन लावून ठेवला होता. म्हणजे माझ्या एका कानावर हेडफोन आणि दुसऱ्या कानावर मांडव. ताटांचा खणखणाट, "बुंदी, बुंदी" करत फिरणारे वाढपी, सगळं ऐकू येत होतं. सर दारात उभे होते. आत येत नव्हते आणि जातही नव्हते.

"हं, आजी," मी म्हटलं.

आजीनं खाकरून आवाज लावला. पडून गात होती, तरी परात तशीच खणखणली. पाट मोडला. मांडव हसला. मिशांना पीळ बसला. राईस मिलची कोठी आली तेव्हा मोबाईलमधून शिट्या ऐकू आल्या. मग,

"अर्धं पोतं भात खाल्ला, अजून म्हन्ते वाढ वो,
सोयऱ्याच्या दारात बसला, असा इवाई निराऽऽ"

ते 'निरा', म्हणजे 'अगदीच', लांबलं. पोटातून श्वास आला. माझं बोट वीज पडावी तसं खाली आलं.

आणि कापायला काही नव्हतंच. आजी गप्प होती. फेडर वर असता तरी हवेत शांतताच गेली असती. पण माझ्या दुसऱ्या कानात, मांडवात, त्याच क्षणी तो शब्द फुटला. बाया, पुरुष, वाढपी, वरातीतली पोरं, सगळे एका आवाजात. मोबाईल कानापासून दूर धरावा लागला. त्या गदारोळात व्याह्यांचा खर्जातला हशा वेगळा ओळखू येत होता.

आजीनं शांतपणे पुढचं कडवं उचललं. मी घाईनं फेडर वर नेला. पुन्हा त्याच जागी ती थांबली, पुन्हा मांडव कोसळला. तिनं आपली आण पाळली होती. शब्द तिच्या तोंडून निघत नव्हता. तिनं फक्त त्याची जागा रिकामी सोडली होती, आणि ती जागा कशानं भरायची हे साऱ्या मुलखाला माहीत होतं. मी दुपारभर बसून जी रिकामी जागा ढोलकीनं बुजवली होती, तीच.

"लाईन जातेय का मध्ये मध्ये?" सरांनी दारातून विचारलं.

"नाही सर. आजी श्वास घेताहेत."

"फार वेळ घेतात."

"वय झालं ना, सर."

तिसऱ्या कडव्याला मी फेडरवरून बोट उचलून घेतलं आणि टेबलावर ठेका धरला. माझ्या नोकरीतलं एवढं सुख मला कधी मिळालं नव्हतं. चौथ्याला सरही ठेका धरत होते. का, ते मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

गाणं संपलं, आजीनं फोन ठेवला. मी श्रोत्यांचे आभार मानत होते, तोच दुसऱ्या लाईनवर आमगावचा आवाज. धापा टाकत, हसत, आणि मला वाटतं थोडा रडतसुद्धा.

"मॅडम, पोट भरलं! बुढीले म्हना, आज जेवलो मी. आता माही बी बुढीले सांगा. म्हना का, वो बुढीऽऽ"

खोल, अगदी बेंबीपासूनचा श्वास. बोट खाली. "श्रोतेहो, आपला संपर्क तुटला आहे," मी म्हटलं आणि ढोलकी लावली.

हवेत काही गेलं नाही. पण फोन चालूच होता, आणि हेडफोनमध्ये मी ती सगळी ऐकली. अशी शिवी मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. लांबलचक, नक्षीदार, वळणं घेत जाणारी. तिच्यात आजीचा मोडका खुबा होता, आमच्या केंद्राचा मनोरा होता, राईस मिलची कोठी होती, आणि कोणाचीही आई-बहीण नव्हती.

"गेली का?" व्याह्यांनी विचारलं.

"नाही भाऊ. नियम."

"अरे! मंग बुढीले कशी भेटल? इथं कलकलाट हाय म्हनून मी लॉनच्या मांगं येऊन बोललो. इथं कोनी आयकली नाई."

"मग आजीला फोन लावून पुन्हा द्या ना."

"पुन्ना?" त्यांना धक्काच बसला. "एकदा निंघाली ते निंघाली. उष्टी गाली देत नसतेत मॅडम, मानाची हाय ते. तुमी आयकली ना पुरी? मंग तुमीच पोचती करा. जशीच्या तशी. एक सबद इकडचा तिकडं नोको."

आता आली का पंचाईत? मी सरांना सांगितलं, एक निरोप द्यायला जाऊन येते. स्कूटीवरून जाताना विसरू नये म्हणून हेल्मेटच्या आत म्हणून पाहिली. पहिल्या खेपेला निम्म्यात जीभ अडकली. दुसऱ्या खेपेला पूर्ण झाली, पण बातम्या वाचाव्यात तशी झाली. तेवढ्यात एक ऑटो आडवा आला. माझ्या तोंडात एवढा ऐवज होता, तरी बाहेर पडलं ते "अहो काका!"

आजी खाटेवर पडल्या पडल्या वाट बघत होती. केस विंचरलेले, लग्नासाठी घेतलेली नवी साडी अंगावर पांघरल्यासारखी पसरलेली.

"आलीस? संपर्क तुटला म्हनलं तूनं, तवाच समजलं मले, का इवायानं देल्ली. कवाची वाट पाहून राहिली."

"आजी, आधी मला सांगा. मांडवातल्या लोकांना तुम्ही सांगून ठेवलं होतं ना?"

"सांगाले कायले लागते? तुलेच येत नाई एकलीले. बाकी साऱ्यायले येते." तिनं मान वळवली आणि चांगला कान माझ्याकडे केला. "आन इकडं."

मी खाटेशी गुडघे टेकले. शेजारीण पुढं सरकली. मी दोन्ही तळहात आजीच्या कानाभोवती धरले. आईनं माझ्या कानांवर धरलेले हात मला आठवले, आणि मी आज तसेच हात धरून नेमकं उलटं काम करत होते. मग मी पोटातून श्वास घेतला आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, व्याह्यांनी जिथं लांबवली तिथं लांबवत, ती शिवी आजीच्या कानात घातली.

आजी हलली नाही. डोळे मिटलेले. मला वाटलं, जास्तच झालं, आता काय करू? मग खाट करकरायला लागली. ती हसत होती. एका हातानं खुबा धरून, "अगे माय वो, दुखते वो," म्हणत हसत होती आणि डोळ्यांतून पाणी कानांपर्यंत वाहत होतं. मीही रडायला लागले, कशासाठी ते मला सांगता येणार नाही. शेजारीण पदर तोंडात कोंबून बसली होती.

"मानूस चांगला भेटला," आजी श्वास सावरत म्हणाली. "माही पोरगी सुखात राहील आता." तिनं पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा तोच कान पुढं केला. "अजून एक डाव म्हन."

"आजी, उष्टी चालत नाही म्हणाले ते."

"मले चालते."

दार उघडंच होतं, रस्त्यावरून माणसं जात होती. मी पुन्हा म्हटली. या वेळी जरा मोठ्यानं.